चालता गाडा

दवाखान्याच्या संगणकांचं काम बघणारी इंजिनीअर धापा टाकत साहेबांच्या खोलीत शिरली. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. “साहेब, आपल्या क्लाउडवरच्या डेटाबेसचे ते दोन सर्व्हर...”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “पुन्हा तेच! एक मुद्दाम बंद पाडायचा आणि दुसरा त्याच स्टोरेजवरून काम उचलतो का ते बघायचं. आणि नाही उचललं तर? बाहेर रांग बघ केवढी आहे! एकाचा जरी रिपोर्ट अडला तर लोक मला फाडून खातील. चालत्या गाड्याला खीळ घालायची नाही म्हणजे नाही!”

बाहेर रिपोर्टच्या खिडकीवर पुढचा नंबर पुकारला गेला. रांग सरकली.

“आता घालायची गरजच नाही, साहेब,” तिला हसू आवरेना. “पहिल्या सर्व्हरनं सकाळीच मान टाकलीय!”