शिरांची चटणी

चैत्रातल्या गारांनी परसातला दोडक्याचा वेल पार झोडपून काढला. उज्ज्वला तो उपटायला वाकली, तेवढ्यात मागून तिचे सासरे तात्या म्हणाले, "राहू दे. मूळ जिवंत आहे."

तिचा नवरा प्रमोद जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. दोघांचं बोलणं जेवणापाण्यापुरतंच उरलं होतं. आता मात्र सकाळी ती वेलाला पाणी घाली, संध्याकाळी तात्या. ऊन भाजायला लागलं तसं तात्यांनी आपलं जुनं धोतर सावलीला बांधलं. वावटळीने मांडव पाडला, तो दोघांनी मिळून उभा केला.

वैशाख सरता सरता टोपलीभर दोडके निघाले. उज्ज्वला शिरा काढायला बसली.

"शिरांची चटणी कर," तात्या चाचरत म्हणाले. "प्रमोदला फार आवडायची."

उज्ज्वलाचे हात थांबले. "आवडायची कुठली, तात्या! तुमची नजर चुकवून सगळी माझ्या ताटात सरकवायचे."

तात्या बघतच राहिले. "लबाड! लहानपणी आईच्या ताटात सरकवायचा. मला वाटलं, मोठेपणी आवडायला लागली!"

आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर दोघंही हसली. मग पाट ओढून तात्या तिच्याजवळ बसले. "अजून सांग त्याचं."