हलकं फ्लायव्हील की जड

बायको वारल्यापासून एयनर रोज ओडेन्स शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात फोन लावायचा. जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच बदलायचा होता. सोबतचं फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं चाक, हलकं घ्यावं की मूळचं जड, हे ठरता ठरेना. काउंटरवर नवीन आलेली मायकन न कंटाळता सांगायची, “हलक्यानं इंजिन चटकन उसळतं, जडानं गाडी धक्का न देता निघते.” आज ती म्हणाली, “जड एकच उरलंय. क्लचबरोबर पाठवू?” नाही म्हणायला कारण सापडेना. “पाठव,” तो म्हणाला. पत्ता तपासताना ती थबकली. “अहो, हे सगळं तुम्ही मार्चमध्येच मागवलंय की!” एयनरचे कान तापले. गॅरेजमध्ये ती खोकी अजून बंदच होती. पार्ट बसवले की विचारायला काही उरणार नाही, हे सांगवेना. नवी ऑर्डर रद्द करत मायकन म्हणाली, “बरं, गिअरबॉक्सला तेल कोणतं घालायचं, ते उद्या विचारा.”