काही लपवू नका

एडिंबराच्या डॉक्टरांनी पत्रात बजावलं होतं, "तुम्हाला न बघता गाउटच्या सांधेदुखीवर औषध द्यायचं, तर काही लपवू नका. तुमचं लिहिणं आपल्या दोघांतच राहील." म्हणून दूर डोंगरातल्या म्हाताऱ्या लुडोविकनं मनातलं सगळं लिहून टाकलं: पायाच्या अंगठ्याचा ठणका केव्हाच उतरलाय, पण मी कण्हलो नाही तर माझी बायको ग्रिझेल माझ्याजवळ घटकाभरही बसत नाही.

नववर्षाला त्यांचा मुलगा निनियन घरी आला. तो त्याच डॉक्टरांच्या हाताखाली शिकत होता. ग्रिझेल शेकोटीपाशी नवऱ्याच्या पायाला फ्लॅनेलची उबदार पट्टी गुंडाळत होती.

"आई, आमचे सर वर्गात रोग्यांची पत्रं वाचून दाखवतात. नाव तेवढं गाळतात," निनियन म्हणाला. "परवा एका गाउटवाल्या म्हाताऱ्याचं वाचलं. पाय ठणठणीत, पण बायकोनं जवळ बसावं म्हणून गडी रोज कण्हतो! अख्खा वर्ग पोट धरून हसला. अहो बाबा, तुम्हीही हसा की!"



ग्रिझेलनं लुडोविकचा अंगठा कचकन दाबला, आणि तो कण्हायचं विसरला.