थोरल्या भावाची पालक

बाल न्यायालयाच्या बाकावर शर्वाणीला बसवत नव्हतं. शेजारी तिचा थोरला भाऊ ओजस पाय हलवत बसला होता. ती सव्वीस वर्षांची होती आणि तो नऊ. त्याच्या आजारावर औषध सापडेपर्यंत त्याला वीस वर्षं शीतनिद्रेत ठेवलं होतं. गेल्या महिन्यात तो बरा होऊन जागा झाला, तेव्हा आईवडील हयात नव्हते.

"दाखल्यानुसार हे गृहस्थ एकोणतीस वर्षांचे आहेत," सरकारी वकील म्हणाले. "सज्ञान माणसाला पालक कशाला?"

शर्वाणी ताडकन उठली. "मॅडम, याला अजून भागाकार येत नाही! याला शाळा हवी, घर हवं."

न्यायाधीशबाईंनी ओजसला जवळ बोलावलं. "बाळा, हिच्याकडे राहशील?"

"राहीन. पण ती धाकटी आहे. तिने माझं ऐकायचं."

सगळे हसले. बाईंनी हसू आवरून निकाल दिला. झोपेतली वर्षं वयात धरायची नाहीत. ओजस लहान मूल आहे आणि मुलांचे सगळे हक्क त्याला आहेत. पालक, शर्वाणी.

शर्वाणीने आनंदाने त्याला उचलून गिरकी घेतली.

"शरू, खाली ठेव! लोक बघतायत," ओजस ओरडला, आणि त्याने तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.