द्रौपदावहिनींचा कौल

हल्ली सरकार प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला कानातल्या यंत्रातून विचारी. पूल हिरवा रंगवावा का, शेजारच्या देशाशी तह करावा का? पोळ्या लाटता लाटता हो-नाही सांगून द्रौपदावहिनी पार शिणल्या. शेवटी शेजारचे दगडूभाऊ म्हणाले, "वहिनी, तुमचा कौल माझ्याकडे द्या नि घटकाभर पडा." सगळ्या गावाने तेच केलं. गावोगाव असा एकेकच जागा राहिला.

दुपारी वहिनी उठल्या. "आज काय विचारलं?"

"यापुढे लोकांना विचारायचं का, असं." दगडूभाऊंचे डोळे तारवटले होते. "मी नाही म्हणालो. सगळीकडचे तेच म्हणाले. फार दमलो होतो."

"अहो, मला विचारायचंत तरी."

"झोपला होतात."

कानातलं यंत्र गप्प होतं. वहिनींनी तरीही, अगदी स्पष्ट, 'हो' म्हणून पाहिलं.