तोलाची जागा

टॉडने फ्लॅनेलचं कापड उलगडलं आणि टेबलावरची रायफल दुकानातून आत्ताच आणल्यासारखी चकाकली.

"हॅपी बर्थडे, मिस्टर रॉश."

शेगडीजवळ बसलेला मर्लचा शेजारी ओरिन बोलोन्या सॉसेजचा तुकडा तोंडात तसाच धरून खुर्चीतून अर्धा उठला. मर्ल रॉश मात्र हलला नाही. रायफलीकडे नुसता बघत राहिला.

टॉड हा मर्लचा जावई. गाड्यांना रंग मारायच्या गॅरेजात कामाला. मर्लच्या मागच्या खोलीत भिंतभर जुन्या पंप रायफली टांगलेल्या आहेत, सगळ्या लहान गोळीच्या, खारी-सशांच्या कामाच्या. बहुतेकींच्या गोळ्या कारखान्यांनी कधीच बंद केल्यात, त्या मर्ल घरी बसून भरतो. 'बंद पडलेलं काही सापडलं तर मर्लकडे पोचवा,' असं आमच्या डोंगरात म्हणतात. लग्न झाल्यापासून टॉडला त्या भिंतीला हात लावायची मुभा मिळाली नव्हती. यंदा एका रायफलीची पुढची मूठ, जी मागेपुढे सारून गोळी चढवतात, ती अडकायला लागली आणि मुलीने, जोलीनने, हट्टच धरला म्हणून मर्लने ती टॉडकडे दिली. नुसती मूठ मोकळी करायला. पण भल्या माणसाला थोडं काम सांगितलं की तो थोडक्यावर थांबत नाही.

"मूठ तर दुसऱ्याच दिवशी सुटली," टॉड म्हणाला. "म्हटलं, हातात आलीच आहे तर अर्धवट कशाला सोडा? सगळं घासून काढलं, पोलाद उघडं केलं आणि नव्याने निळी झाक चढवली. लाकडालाही पॉलिश मारलं. काम सुटलं की यालाच बसायचो. जोलीनलासुद्धा दाखवली नाही."

"अरे बाबा," ओरिनच्या तोंडून निघालंच, "अरे, पण जुन्या रायफलीला कुणी—"

"ओरिन, कॉफी आण," मर्ल म्हणाला.

"ही काय, तुझ्यासमोरच आहे की."

"गार झालीय."

ओरिनच्या जिभेला हाड नाही, पण तो गेला. जुन्या रायफलीला तेलापलीकडे काही लावायचं नाही, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. उडालेली झाक, पडलेले ओरखडे म्हणजे तिचं वय. ते एकदा घासून टाकलं की परत येत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला तो मळ वाटतो, आणि त्यात त्याची तरी काय चूक?

मर्लने रायफल उचलली. हात आपसूक तोलाच्या जागी गेला, जिथे एका हातात धरली तर रायफल कुठेही न कलता आडवी राहते. अंगठा तिथे पुढेमागे फिरायला लागला.

"तिथे तर फारच वाईट हाल होते," टॉड उत्साहाने म्हणाला. "झाक पार उडून पंजाएवढी जागा पांढरी पडली होती. सगळ्यात जास्त तिथेच घासावं लागलं."

भिंतीवरच्या बाकी सगळ्या रायफली मर्लच्या. ही तेवढी इडाची, मर्लच्या बायकोची. ती होती तोवर रोज संध्याकाळी ही रायफल एका हातात धरून घेवड्याच्या वाफ्यांकडे जायची. घेवडा फस्त करणाऱ्या वुडचकांना, बिळात राहणाऱ्या त्या लठ्ठ जनावरांना, शिव्या घालत जायची आणि बहुतेक वेळा गोळी न झाडताच परत यायची.

"चल," मर्ल म्हणाला. "बघू कशी चालते."

मागच्या मैदानात तारेला डब्यांची झाकणं टांगली होती. मर्लने मूठ मागे ओढली, पुढे सारली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पहिल्याच गोळीला झाकण गरगर फिरलं.

"छान सुटलीय मूठ," तो म्हणाला. ते खरंच होतं.

पण टॉडचं झाकणाकडे लक्ष नव्हतं. तो सासऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा अजून तिथेच फिरत होता.

"मिस्टर रॉश, ती जागा..."

"इडाचा हात असायचा तिथे."

टॉडचा चेहरा उतरला. "मला वाटलं, खराब झालीय."

"झिजली होती रे. खराब नव्हती."

"मी परत करून देतो," टॉड घाईघाईने म्हणाला. "बारीक कागदाने तेवढीच जागा घासतो. होती तशी पांढरी. कळणारही नाही कुणाला."

मर्लला हसू आलं आणि डोळेही भरून आले. पोराने जीव ओतून केलं होतं, आणि आता जीव ओतून पुसायलाही निघाला होता. इतकी वर्षं आपण याला भिंतीपासून लांब ठेवलं, याची मर्लला लाज वाटली.

"कागदाने नाही होत ते," तो म्हणाला आणि रायफल रिकामी करून पुढे धरली. टॉडने हातमोजे घातलेल्या हाताने खिशातलं फडकं काढलं.

"फडकं ठेव आत. हातमोजे काढ."

"बोटांचे डाग पडतील."

"पडू देत. घरी ने तिला, भिंतीवर टांगू नकोस. रोज संध्याकाळी हातात घेऊन फिर. माझ्याच्याने आता तेवढं व्हायचं नाही."

ओरिन वाफाळती कॉफी घेऊन दारात आला आणि कप हातात धरून तिथेच थांबला.

टॉडने हातमोजा काढून तोलाच्या जागी उघडा हात लावला. हात दचकून थोडा मागे आला, मग घट्ट बसला.

"गार आहे," तो म्हणाला.

"चालायला लाग," मर्ल म्हणाला.