त्रिवेणीची खबर

नऊ दिवस झाले, त्रिवेणीची काही खबर नव्हती, आणि खोटं कशाला बोलायचं, नर्मदाबाईला बरं वाटत होतं.

त्रिवेणी म्हणजे एक मूठभर चातक पक्षी. पाखरांचा अभ्यास करणारी निकिता श्रावणात पेडगावला आली होती. गोपाळच्या शेतातल्या बाभळींत जाळं लावून तिनं तो पकडला, पाठीवर नखाएवढं यंत्र बांधलं आणि सोडून दिला. पाखरू कुठवर गेलं ते त्या यंत्रामुळं मोबाइलवर दिसायचं. दिवाळीच्या आगेमागे समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाईल, मिरगाला परत येईल, असं ती म्हणाली. जाळं धरायला गोपाळ होता, म्हणून नाव ठेवायचा मान त्याला मिळाला. आणि ह्या शहाण्यानं नाव ठेवलं ते आपल्या मेलेल्या आईचं.

हे पाखरू स्वतःचं घरटं करत नाही, अंडं सातभाईच्या घरट्यात टाकतं आणि निघून जातं, पिल्लू सातभाईच वाढवतात, हेही निकितानंच सांगितलं. नाव तेवढं बरोबर ठेवलंय, नर्मदाबाई मनात म्हणाली.

ती या घरात दुसरेपणावर आली तेव्हा गोपाळ आठ महिन्यांचा होता. लग्नातच सासूनं तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला, मेलेलीच्या नावानं घडवलेला चांदीचा पत्रा, बोटाच्या पेराएवढा. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, सणाचा घास आधी टाकाला. सव्वीस वर्षं तिनं ते मुकाट्यानं केलं. मेलेल्या बाईशी भांडून जिंकणार कोण? तिचे केस पिकत नाहीत आणि तिची भाकर कधी करपत नाही.

पण आता ती बाई उडायला लागली होती. ज्या व्यंकटरावांनी सव्वीस वर्षांत बायकोपुढं ते नाव एकदाही घेतलं नव्हतं, ते आता रोज चहाची बशी तोंडाला लावायच्या आधी विचारायचे, "त्रिवेणी कुठवर गेली रे?" पाखरू किनारा सोडून समुद्रावर निघालं त्या दिवशी गोपाळनं पारावर पेढे वाटले. कुणीतरी म्हणालं, पोराला आईची ओढ लय. नर्मदाबाई तडक घरी आली, टाक गळ्यातून काढला आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवला. जा म्हणाली, कुठं जायचं तिकडं.

त्याच दिवसापासून यंत्र मुकं झालं.

आज अकराचा सुमार झाला तरी गोपाळ चुलीपुढं बसून होता. ताटात भाकर तशीच, हातात मोबाइल. यंत्र उन्हावर चालतं, तिकडं आभाळ आलं असेल, असं निकिता आधी फोनवर सांगायची. दोन दिवसांपासून तीही काही सांगत नव्हती. नर्मदाबाईनं जेव म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं.

"माय, समिंदरात एक झाडसुदीक न्हाई," गोपाळ म्हणाला. "दमली तर कुठं टेकंल?"

हा आवाज नर्मदाबाईच्या ओळखीचा होता. लहानपणी तापानं फणफणला की असाच बोलायचा, आणि तेव्हा उशाशी ती असायची, दुसरी कुणी नाही. मेली बुडू दे, असं नऊ दिवस तिनं मनात घोकलं होतं. आता तिला धसका बसला. ही खरंच बुडाली तर पोरगं दुसऱ्यांदा पोरकं होईल, आणि ते पाप आपल्या डाळीच्या डब्यात निघेल.

ती उठली. डाळीत कोपरापर्यंत हात घालून तिनं टाक काढला, पदरानं पुसला, गळ्यात घातला. भाकरीचा तुकडा मोडून त्याला दाखवला. ये बाई, जिंकलीस तू, असं पुटपुटली आणि पुढची भाकर थापायला बसली.

ती भाकर तव्यावर फुगत होती तेवढ्यात मोबाइल वाजला. गोपाळ ताडकन उठला आणि ओसरीवर बसलेल्या बापाला ओरडून सांगू लागला. पोचली! समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. सोमवारीच उतरली होती म्हणे, पण तिकडं आभाळ होतं म्हणून कळायला आज उजाडलं. व्यंकटरावांनी बसल्या जागी हात जोडले.

सोमवारी. नर्मदाबाईचा हात थांबला. सोमवारी तर टाक डाळीत होता. म्हणजे टाकाची त्या पाखराला ना अडकाठी झाली, ना मदत. बाई आपल्या पंखांनी गेली होती, आणि आपण उगीच शरण गेलो. मग मात्र तिला राहवलं नाही. श्रावणापासून घशात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"माझं नाव का न्हाई ठेवलंस रे त्या पाखराला?"

गोपाळ पुन्हा ताटावर बसून भाकरीवर तुटून पडला होता. तोंडात घास, डोळे मोबाइलवर. तिच्याकडं न बघताच तो म्हणाला, "जाणाऱ्या पाखराला तुझं नाव कसं ठिवू, माय?"

आणि कालवणासाठी वाटी पुढं केली.

नर्मदाबाईनं वाटी काठोकाठ भरली. मग चुलीकडं तोंड फिरवून टाक दोन बोटांत धरला आणि त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोचलीस न्हवं? मग बस तिकडंच, ऊन खात. मिरगापतोर लेकरू माझं हाय."